तळाच्या तीन ओळी

८ जून

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चार पानांपैकी साडेतीन पानं वह्यांचं रडगाणं आणि उरलेल्या अर्ध्यात माझ्या गुडघ्याची चौकशी. गुडघ्याला वाईट वाटलं. चार वर्ग, दोनशे छत्तीस मुली, प्रत्येकीचा आठवड्याला एक इंग्रजी निबंध, आणि तू म्हणे प्रत्येक निबंध शेवटपर्यंत वाचून खाली चार ओळींचा अभिप्राय लिहितेस. अगं, एवढं लक्ष देऊन तुझ्या वहिनीनं एकवीस वर्षांत माझं एक वाक्य ऐकलेलं नाही.

तेव्हा थोरल्या भावाचं ऐक. आमची सगळी कचेरी एका इंग्रजी शब्दावर उभी आहे. तो शब्द 'सीन'. सिनेमातला नव्हे, पाहिले, नजरेखालून गेले, या अर्थाचा. कागद आला की कोपऱ्यात तांबड्या शाईत 'सीन' लिहायचं, खाली आडवी सही ठोकायची आणि कागद पुढच्या टेबलावर सरकवायचा. मी आवक विभागाचा प्रमुख आहे म्हणजे काय, तर दिवसाला तीनशे वेळा पाहणारा माणूस आहे. डोळ्यांचा याच्याशी संबंध नाही. गेल्या महिन्यात माझा चष्मा आठ दिवस दुरुस्तीला होता, त्या आठ दिवसांत काम उलट लवकर उरकलं.

याचे उपयोग सांगावे तेवढे थोडे. साहेबानं लिहिला तर त्याचा अर्थ, मला यात ओढू नका. हाताखालच्यानं लिहिला तर, मी केव्हाच पुढे ढकललंय, आता माझ्याकडे वळू नका. दोन विभागांचं फाटलं की ते एकमेकांच्या पत्रांवर 'सीन' मारून परत पाठवतात. थोबाडीत मारण्यापेक्षा ते बरं दिसतं. रजेच्या अर्जावर लिहिला तर रजा मिळाली असंही नाही आणि नाकारली असंही नाही, माणूस घरी बसतो आणि तिथे धास्तावून राहतो. आमचा एक जुना कारकून निवृत्त झाला, त्याच्या मानपत्रावरसुद्धा कुणीतरी सवयीनं 'सीन' लिहून ठेवला होता. तो कुणीतरी म्हणजे मी. कुणी पाहिलं, किती पाहिलं, पाहून काय केलं, यातलं चकार अक्षर हा शब्द बोलत नाही. इतका सभ्य शब्द दुसरा नसेल.

तूही तेच कर. पान उघड, तळाशी लिही, सही मार, पुढची वही. फक्त हात कचरता कामा नये. अक्षर मोठं आणि शेवटी लांब शेपूट. शेपटीवर लोकांचा फार विश्वास बसतो. मुलींना तांबडी शाई दिसल्याशी कारण. उरलेल्या वेळात फिरायला जा, पाठ सरळ कर.

वहिनी आशीर्वाद सांगते. सल्ला आवडला नाही तर रागव, पण जेवत जा.

तुझा दादा

*

२९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी तुझ्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, म्हणजे त्याची तक्रार राहणार नाही.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी पाठीत अशी कळ आली की लेखणी उचलवेना, तेव्हा म्हटलं, एकदा करून पाहू. दादा, एकोणसाठ वह्या चाळीस मिनिटांत! आता वर्गातल्या दोघी जणी वह्या नेमक्या पानावर उघडून एकीवर एक रचून देतात. मला पान उलटायचेही कष्ट नाहीत. खिडकीतून बाहेर बघत बसते आणि हात आपोआप चालतो. शेपूट तर अशी जमली आहे की तू बघत राहशील.

आमच्या मोठ्या बाई खूश आहेत. वह्या त्याच दिवशी परत जातात म्हणून त्यांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर माझं उदाहरण दिलं. गणिताच्या बाईंनी तेव्हापासून माझ्याशी बोलणं टाकलं आहे. मुलीही खूश. पूर्वी माझ्या चार ओळी वाचून त्यांची तोंडं पडायची, आता तांबडं दिसलं की उड्या मारतात. सातवीतली एक किडकिडीत मुलगी आहे, तिला सगळ्या सुतळी म्हणतात. ती मात्र पानाच्या शेवटच्या रेघेपर्यंत गच्च लिहिते, त्यामुळे मला तिच्या अक्षरांवरूनच 'सीन' ओढावा लागतो. खाली जागा सोडायला तिला बजावलं आहे. तेवढी एक अडचण सोडली तर तुझ्या शब्दानं माझं आयुष्य वाढवलं.

संध्याकाळी तळ्यापर्यंत फिरून येते. वहिनीला सांग, वजन घटलं.

अशीच वाकडी वाट दाखवत राहा.

चिंगी

*

१९ जुलै

ती. दादास,
सा. न.

सुतळी गेली. मागच्या पत्रातली, सातवीतली.

तिची आई कपड्यांना इस्त्री करते. मायलेकी एका खोलीत राहायच्या. त्या खोलीच्या तीन भिंती तिच्या आणि चौथी बर्फाच्या कारखान्याची मागची भिंत. रविवारी दुपारी मुलगी अंगात कणकण होती म्हणून खाटेवर पडली होती आणि आई गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला गेली होती. ती परतली तेव्हा गल्लीत माणसं जमली होती. चौथी भिंत खाटेवर पडली होती.

शाळेत सोमवारी दोन मिनिटं उभं राहून झालं. मग तिच्या वस्तू घरी पाठवायच्या म्हणून मोठ्या बाईंनी मला तिच्या वह्या शोधायला सांगितल्या. इंग्रजीची वही शनिवारी उशिरा आलेल्या गठ्ठ्यात माझ्या कपाटात राहिली होती. मी ती उघडली. चोवीस जूनचा निबंध, 'माझी खोली'. दादा, तो मी परवा पहिल्यांदा वाचला.

सुरुवातीला खिडकी, आईचं टेबल, इस्त्रीचा वास. भिंतीला घाम येतो, असं लिहिलं आहे. आणि अगदी तळाच्या तीन ओळींत लिहिलं आहे की ही भिंत पुढे येते आहे. शाळा सुरू झाली तेव्हा खाट आणि भिंत यांच्यामध्ये तिचा कोपरापर्यंतचा हात जायचा. पुढच्या आठवड्यात मनगटापर्यंत. आता नुसती बोटं जातात. इंग्रजीत चुका आहेत, पण काय म्हणायचं आहे ते कुणालाही कळेल. आणि त्या तीन ओळींवरून माझा 'सीन', चांगला हातभर, शेपटीसकट. खाली तारीख आणि सही.

पुढचं ऐक. चौकशी लागली आहे. कारखान्याचा मालक म्हणतो की भिंत ठणठणीत होती, या बाईनं कपडे टांगायला तिच्यात खिळे ठोकले म्हणून ती ढिली झाली. भिंत सरकते आहे असं आईनं कारखान्याच्या पहारेकऱ्याला तोंडी सांगितलं होतं, तो आता कानावर हात ठेवतो. म्हणजे मुलीला आईनंच मारलं असं कागदावर चढणार आहे. भिंत तीन आठवडे आधीपासून सरकत होती, खिळ्यांनी नव्हे तर पलीकडून रेटली जात होती, हे सांगणारा तारखेसकट एकच कागद जगात आहे, आणि तो माझ्या कपाटात आहे.

तो दिला तर आई सुटते. मग मला विचारतील की बाई, तुम्ही पाहिलं होतं ना? यावर मी काय सांगू? वाचलं होतं म्हणू की वाचलं नव्हतं म्हणू? दोन्हींतलं कमी वाईट कुठलं ते तू सांग, तुझा त्यात हातखंडा आहे.

मला झोप नाही. उलट टपाली लिही.

चिंगी

*

२३ जुलै

चि. चिंगीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवायला घेतलं आणि अर्ध्यावर थांबलो. तिनं उरलेलं स्वतः वाचलं आणि उठून आत गेली.

आता रडणं नंतर, आधी डोकं चालव. तीस वर्षं कागदांत काढलेला माणूस सांगतो आहे. वही द्यायलाच हवी, त्या माउलीला तेवढं तरी मिळालं पाहिजे. पण तू स्वतःला तिच्याबरोबर बांधून द्यायचं कारण नाही. चौकशीला मुलीची तारीख हवी आहे, तुझी सही नको आहे. निबंधाच्या डोक्यावर तारीख मुलीच्या अक्षरात असेलच. मग तुझा शब्द तिथे असला काय नि नसला काय? न तपासलेली वही म्हणून बोलणी खाशील. त्यानं कुणी मरत नाही.

सोबतच्या पुडक्यात कापसात गुंडाळलेली छोटी बाटली आहे. आमच्या टंकलेखन विभागात शाई उडवायला वापरतात ते औषध. काडीला कापूस गुंडाळ, थेंब थेंब घे, तांबड्यावरून हलकेच फिरव, लगेच टिपकागद दाब. या बाटलीनं आमच्याकडे काय काय नाहीसं केलं आहे ते सांगितलं तर तुझा सरकारवरचा उरलासुरला विश्वासही उडेल. घाई करू नकोस, हात स्थिर ठेव. तुझी नोकरी वाचते, ती बाईही सुटते.

मी तुला तो शब्द शिकवला हे मला आठवतं आहे. तू पत्रात लिहिलं नाहीस, ही तुझी मेहरबानी. पुढच्या पत्रात लिहिलंस तरी चालेल.

सांभाळून राहा, आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नकोस.

दादा

*

१ ऑगस्ट

ती. दादास,

बाटली पोचली होती. तू सांगितलंस तसंच केलं, काडी, कापूस, थेंब. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर सकाळच्या उजेडात बसले. तांबडं आधी गुलाबी झालं, मग पिवळं, मग गेलं. मला इतकं हलकं वाटलं की मी चहा टाकला. चहा होईपर्यंत पानाकडे पाठ होती. वळून बघते तर शेपटीखालची निळी अक्षरंही वितळायला लागली होती. मी टिपकागद दाबला, तर उरलीसुरली त्यावर आली. सुतळीची शाई स्वस्तातली, पाण्यानंही जाणारी. तिनं खाली जागा सोडली नव्हती ना, म्हणून माझा शब्द जिथे होता तिथेच तिचे ते शब्द होते. तळाच्या तीन ओळी गेल्या. खिडकीशी धरून पाहिलं. लिहिताना ती निब इतकी हलकी टेकवायची की कागदावर वळसुद्धा उमटलेला नाही.

भिंतीला घाम येतो, एवढंच आता त्या पानावर आहे. घाम तर सगळ्याच भिंतींना येतो.

तरीही मी वही घेऊन चौकशी अधिकाऱ्यांकडे गेले आणि सगळं सांगितलं. न वाचता सही केली हे सांगितलं, बाटलीचंही सांगितलं. तुझं नाव सांगितलं नाही. साहेब सभ्य आहेत. त्यांनी मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले की बाई, कोऱ्या जागेवर काय होतं याला मी पुरावा कसा म्हणू? ज्या बाई स्वतःच सांगतात की मी खोटी सही केली आणि मग खाडाखोड केली, त्यांच्या शब्दावर मी कारखान्याला कसा धरू? कारखान्याचा वकील तर म्हणेल की मुळात तिथे काही भलतंच होतं, ते बाईंनी पुसलं. मग त्यांनी वही बंद करून माझ्या हातात दिली. कागदपत्रांना जोडली तर तुमच्यावरच वेगळं प्रकरण उभं राहील, घरी घेऊन जा, असा सल्ला दिला. तुझ्यासारखाच शहाणा माणूस आहे.

बाहेर बाकावर तिची आई बसली होती. तिलाही सगळं सांगितलं. तिनं मला मारलं असतं तर मला उभं राहता आलं असतं. तिनं वहीकडे बघून एवढंच विचारलं की बाकीची पानं शाबूत आहेत का.

मोठ्या बाईंनी आजपासून मला घरी बसायला सांगितलं आहे. गणिताच्या बाई फाटकापर्यंत सोडायला आल्या. त्या बोलल्या नाहीत, पण आल्या.

इथे येऊ नकोस.

चिंगी

*

१२ ऑगस्ट

चि. चिंगीस,

येऊ नको म्हणालीस म्हणून आलो नाही, पण गप्पही बसलो नाही. त्या साहेबांना पोचपावतीसह पत्र पाठवलं की बाटली माझी, सल्ला माझा, सही मारायची रीतही मीच शिकवलेली. चार दिवसांनी पोचपावती तेवढी परत आली.

या आठवड्यात मी टेबलावरचे कागद वाचायला लागलो आहे. तीनशेच्या जागी दिवसाला अकरा होतात. मागे ढीग साचला आहे आणि साहेब विचारतात की तब्येत बरी नाही का. एका म्हाताऱ्यानं जिन्याचा कठडा हलतो म्हणून लिहिलं होतं. पत्र चार वर्षांपूर्वीचं, त्यावर माझ्या तीन सह्या. मी त्या पत्त्यावर जाऊन आलो. जिना नवा होता, कठडा मजबूत होता. तो कधी बदलला आणि कशामुळे, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

तुला हसवील असं काही सुचत नाही. वहिनी म्हणते की मुळात तेच कमी केलं असतं तर बरं झालं असतं.

दोन ओळी तरी पाठव.

दादा

*

२६ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

निकाल लागला. भिंत खिळ्यांमुळे पडली. चौदा खिळे होते, ते मोजून लिहिले आहेत. कारखान्याला ताकीदही नाही. भिंत पुन्हा उभी राहिली आहे, यावेळी सिमिटाची, आणि तिच्यावर पाटी लावली आहे की इथे खिळे ठोकू नयेत. आई आता मैत्रिणीच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये इस्त्री करते. येणारी-जाणारी माणसं हीच ती म्हणून तिला दाखवतात. तिच्याकडे कपडे टाकणारी दोन घरं सुटली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिनं मला निरोप पाठवला की वही घेऊन या. तिला इंग्रजी येत नाही. मुलीनं काय काय लिहिलं आहे ते तिला मराठीत ऐकायचं होतं. त्या वहीत पाच निबंध आहेत. 'माझी खोली' सोडला तर त्यांतलं एक अक्षरही मी कधी वाचलेलं नव्हतं. आता रोज दुपारी जाते. ती मला बसा म्हणत नाही. मी टेबलाच्या कडेला उभी राहते आणि वाचते, ती इस्त्री फिरवत राहते. मावशीच्या घरचा कुत्रा, रस्त्यावरचा अपघात, मोठी झाल्यावर मी. मोठी झाल्यावर तिला पोस्टमन व्हायचं होतं, कारण त्याला सगळ्यांची घरं आतून दिसतात. आई तिथे हसली. इस्त्री उचलून धरली आणि चांगली हसली, मग पुन्हा कपड्यावर टेकवली.

'माझी खोली' आला तेव्हा त्या तीन ओळी मी तोंडपाठ म्हणून दाखवल्या. तेव्हा तिनं मला एक गोष्ट सांगितली, ती तुला कळलीच पाहिजे. भिंत सरकते हे तिलाही दिसत होतं. जूनच्या अखेरीस ती मुलीला घेऊन मैत्रिणीकडे झोपायला जाणार होती, पथारीही बांधली होती. पण मुलगी त्या दिवशी शाळेतून नाचत आली. वहीचं पान आईपुढे धरलं आणि म्हणाली की बाईंनी पाहिलंय. मी त्यांना विचारलं, बाई, सगळं वाचलंत ना, तर हो म्हणाल्या. आता त्या मोठ्या लोकांना सांगतील, आपल्याला जायला नको. शिकलेली बाई पाहून गप्प कशी बसेल, असं आईलाही वाटलं. तिनं पथारी सोडली. पुढचे तीन आठवडे कुणी येतं का म्हणून दोघी वाट पाहत होत्या.

दादा, सुतळी मला कधी विचारायला आली होती ते मला आठवत नाही. रोज बसून आठवते. व्हरांड्यात असेल, घंटा झाली असेल, मी वळून हो म्हटलं असेल. तिचा चेहरासुद्धा समोर येत नाही.

आईनं हे सांगताना आवाज चढवला नाही. सांगून झाल्यावर सदऱ्याची कॉलर उलटी केली, तिच्यावर पाणी शिंपडलं आणि पुढचं वाचा म्हणाली.

आता शेवटचा निबंध उरला आहे, दोन पानांचा. पहिल्या दिवशी मी अर्धं पान वाचलं तेव्हा तिनं हात वर केला. दुसऱ्या दिवशी चार ओळी. काल तिनं एकच वाक्य वाचू दिलं, आणि ते दोनदा म्हणायला लावलं. आज गेले तर म्हणाली, आज नको, उद्या या. कपडे नव्हते म्हणून इस्त्री थंड होती, आणि ती नुसतीच टेबलाशी उभी होती. उरलेली वाक्यं तिनं माझ्याकडून मोजून घेतली आहेत. सतरा आहेत.

त्यानंतर मी तिच्याकडे कशासाठी जाऊ ते मला माहीत नाही. तिलाही नसावं.

वहिनीला नमस्कार. तुझी माया आटली तर मला कळवू नकोस.

चिंगी